मंडईचा ब्लाऊज

आमच्या तालुक्याच्या गोरेगावात माझं शिलाईचं दुकान आहे, आणि ब्लाऊज शिवायला आलेली बाई माझ्याकडून नुसता ब्लाऊज घेऊन कधी जात नाही. साडीला फॉल, मॅचिंग परकर, पाठीला लटकन, काही ना काही मी गळ्यात मारतेच. नुसत्या शिलाईत पोट कुठं भरतं?

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी जावयांना घेऊन माहेरी येतात. तेव्हा तर माझं तोंड थांबतच नाही. अशाच गडबडीत फुलवंताकाकू आल्या. त्यांचा ब्लाऊज झाला, परकर झाला, आणि मी सवयीनं बोलून गेले, "आता प्रियाचाबी शिवून टाका, काकू. तिच्या मापाचं कागदी कटिंग अजून खिळ्याले टांगून आहे."

बोलले आणि जीभ चावली. काकूंच्या प्रियानं आपल्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून तिच्या बापानं, टेकचंदकाकांनी, लेक-जावयाला दारात उभं केलं नव्हतं.

"तिले कोनं बोलावलं?" काकू म्हणाल्या.

"मी बोलावण्याचं नाही म्हणून राहिली, ब्लाऊजाचं म्हणून राहिली."

काकू उठल्या नाहीत. बराच वेळ कापडं चाळली आणि हिरवं निवडलं.

"पण जुनं माप चालत नाही," मी लगेच म्हटलं. "तिले यावंच लागेल. फोन मीच करीन."

जुनं माप चांगलं चाललं असतं. धंद्यात एवढं खोटं चालतं.

बाजाराच्या दिवशी प्रिया आली. काकू हुक लावून घ्यायच्या निमित्तानं सकाळपासूनच बसून होत्या. मी प्रियाला मापाचा टेप लावला. मायलेकी एकमेकींकडं बघेनात.

"हाडं दिसून राहिले," काकू मला म्हणाल्या. "जेवत नाही काय पोरगी?"

"जेवून राहिली ना मी, माय," प्रिया म्हणाली, आणि रडायलाच लागली.

काकूंनी तिला जवळ घेतलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, पिशवीतून निळं, रेघांचं शर्टाचं कापड काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"तिच्या बापाचं मी पाहून घेईन. जावयाचा शर्ट शिवशील काय?"

मी जन्मात पुरुषाचा शर्ट शिवला नव्हता.

"शिवीन," मी म्हटलं. "पण माप घ्यायले तुमच्या घरी येईन. त्याले तिथंच बोलवा."