टाकीतला सुती झगा

माझा उजवा पाय हा नुसता पाय नाही. चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पॅडल त्यानेच मारलं आणि त्यावर घर चाललं. तो घोट्यापासून कापावा लागेल असं सर्जनसाहेबांनी सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "साहेब, बाही लांब झाली म्हणून आम्ही लगेच कात्री नाही लावत. आधी दुमडून बघतो."

सर्जनसाहेबांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. शेजारच्या डॉक्टरीणबाई मात्र खुदकन हसल्या, आणि त्यांच्यामुळे मी हॉस्पिटलच्या तळघरात, टाकीपाशी जाऊन पोचले.

रक्तातल्या साखरेमुळे माझ्या तळव्याची जखम चार महिने भरत नव्हती. टाकी म्हणजे माणूस मावेल एवढं पारदर्शक नळकांडं. त्यात आडवं व्हायचं, दार बंद करायचं, आत निव्वळ प्राणवायू भरून दाब वाढवायचा. त्या दाबाने प्राणवायू रक्तात जास्त मुरतो आणि उपाशी राहिलेल्या जखमेपर्यंत पोचतो. दीड तास रोज, आठवड्याचे पाच दिवस, असं चाळीस वेळा. एक्स-रेला जशी कुठलाही डॉक्टर चिठ्ठी देतो, तशी टाकीलाही द्यावी, एवढाच डॉक्टरीणबाईंचा हट्ट होता. पण वरच्या मजल्यावरचे डॉक्टर तिला 'तळघरातला फुगा' म्हणत. परवानगी सहा महिन्यांचीच होती, आणि मग एक समिती येऊन ठरवणार होती.

"मावशी, मध्ये खंड पडू द्यायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "नवीन मांस धरायला लागतं तेव्हा तर अजिबातच नाही."

टाकी चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, तोंडाने कंजूष. मी त्यांना टाकीवाले म्हणायची. रोज एक कागद हातात घेऊन ते मला तेच बारा प्रश्न विचारायचे. घड्याळ काढलं? कवळी? केसांना तेल? अंगाला मलम? मोबाईल? अंगात सुतीच झगा ना? आत निव्वळ प्राणवायू असतो, तिथे एवढीशी ठिणगी पडली तर माणूस बाहेर येत नाही. म्हणून नायलॉन-पॉलिस्टरला मनाई. ते कापड अंगाशी घासलं की चटचटतं. मी विचारायची, "रोज तेच काय विचारता? मी काय एका दिवसात कवळी बसवून घेणार?" ते कागदावरून मान वर न करता म्हणायचे, "कवळी?"

आत गेल्यावर स्पीकरमधून त्यांचा आवाज यायचा. "कान दुखतात?" "नाही." "आवंढा गिळा." "गिळला." "ठीक." झालं आमचं बोलणं. आणि खरं सांगते, दिवसभरात माझ्याशी कुणी बोलायचं ते एवढंच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. बहीण लांबच्या देशात, महिन्यातून एकदा फोन करते आणि तिकडच्या हवेबद्दल बोलते. पूर्वी निदान मशीनचा आवाज तरी असायचा. पॅडल मारायला बंदी झाल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की नळ ठिबकला तरी मी "कोण?" म्हणायची. टाकीत मला एकटं वाटत नसे. बाहेर एक माणूस माझ्याकडे बघत बसलेला असे, मग ते त्याचं काम का असेना.

सतरावा दिवस होता. जखमेच्या कडेला गुलाबी मांस धरायला लागलं होतं, मी घरी आरसा धरून बघायची. समिती आठ दिवसांवर आली होती. कपडे बदलायच्या खोलीत झग्यांचा नवा गठ्ठा होता, कोरा, पांढरा, घडीवर 'शंभर टक्के सुती' असा शिक्का. मी झगा हातात घेतला आणि अंगठ्याखाली कापड चोळलं. चाळीस वर्षं कापड चोळणाऱ्या बोटाला शिक्का वाचावा लागत नाही. ते सुती नव्हतं. निम्मं तरी पॉलिस्टर होतं.

बोलले असते तर टाकी बंद झाली असती, नवे झगे येईपर्यंत. भांडारातून कागद हलायला पंधरा दिवस. तेवढ्यात माझं गुलाबी मांस काळं पडलं असतं. त्या दिवशीची शेवटची पाळी माझी होती. मी झगा घातला.

"सुतीच ना?" टाकीवाल्यांनी विचारलं.

"शिक्का आहे की," मी म्हटलं.

त्या दीड तासात मी बोटसुद्धा हलवलं नाही. कूस बदलली तर कापड घासेल म्हणून श्वासही बेतानं घेतला. "आज गप्प?" स्पीकरमधून आवाज आला. सतरा दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

झग्याच्या दुमडीतून कापडाचाच एक दोरा काढून मी रुमालात बांधून घरी नेला आणि काडी लावली. सुती दोरा जळला की राख होते, जळक्या कागदाचा वास येतो. हा वितळला आणि त्याची बारीक काळी गोळी झाली. ती मी बराच वेळ बोटांनी दाबत बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या आधी एक टॅक्सीवाले होते. कॅन्सरसाठी घेतलेल्या रेडिएशनच्या शेकाने त्यांच्या जबड्याचं हाड झिजलं होतं. त्यांची बायको बाकावर बसलेली, मांडीवर त्यांचं घड्याळ, चष्मा, चपलांची पिशवी. ते नवा झगा घालून बाहेर आले. टाकीवाल्यांनी कागद उचलला. "घड्याळ?"

"थांबा," मी ओरडले. "त्यांना आत घालू नका. झगा सुती नाही."

मी रुमाल उघडून गोळी दाखवली. टाकीवाल्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी टॅक्सीवाल्यांना कपडे बदलायला पाठवलं, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि मग माझ्याकडे वळले.

"हे तुम्हाला काल माहीत होतं?"

"होतं."

"मग काल का नाही बोललात?"

"काल आत मी होते," मी म्हटलं. "माझं घड्याळ धरून बाहेर कुणी बसलेलं नव्हतं."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "आणि मी काय करत होतो बाहेर, मावशी?"

मला रडू आलं. नवरा गेला तेव्हासुद्धा मी चारचौघांत रडले नव्हते.

टाकी बंद झाली. डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यांनी भांडाराची वाट पाहिली नाही. स्वतः चार दुकानांतून कापडाचे तुकडे आणले आणि मी एकेकाचा दोरा जाळून पाहिला. तिसरं कापड पास झालं. बंदी उजव्या पायावर होती, डाव्यावर कुणी घातली नव्हती. दोन दिवस डाव्या पायाने पॅडल मारत, वेड्यावाकड्या टाक्यांना शिव्या देत मी सात झगे शिवले. घरात पुन्हा खडखडाट झाला.

खंड तीन दिवसांचा पडला. माझ्या पायाची दोन बोटं गेली, खंडामुळे की कसं, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. पाय राहिला. समितीला डॉक्टरीणबाईंनी गोळीसकट सगळं सांगितलं. समितीतल्या कुणीतरी म्हटलं की चूक लपवत नाहीत ते लोक बरे. टाकी कायमची झाली. आता मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागातून रोज चिठ्ठ्या येतात.

टाकी पुन्हा सुरू झाली त्या दिवशी टाकीवाल्यांच्या कागदावर दोन प्रश्न पेनाने वाढवलेले होते. तेरावा, कापडाचा दोरा जाळून पाहिला का. चौदावा विचारताना ते खाकरले. "बाहेर कोण थांबलंय?"

"माहीत असून विचारता? कुणी नाही."

"मग मी लिहितो, मी." त्यांनी लिहिलं. "कवळी?"

चाळिसावी वेळ होऊन आता वर्ष झालं. कागद छापील झाला, चौदावा प्रश्न त्यात आहे. कापडाचा नवा गठ्ठा आला की मला बोलावणं येतं. परवा दोरा जाळून मी निघतच होते, तेवढ्यात एक आजोबा आले, काठी टेकत, पायाला पट्टी, एकटेच. टाकीवाले प्रश्न विचारत चौदाव्यापाशी आले.

"कुणी नाही," आजोबा म्हणाले, मी म्हणायची तसंच, भिंतीकडे बघत.

टाकीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेन कागदावर तसंच धरलेलं.

घरी शिवण अर्धवट पडली होती. मी पिशवी खाली ठेवली, बाकावर बसले आणि आजोबांच्या घड्याळासाठी हात पुढे केला.

"लिहा," मी म्हटलं, "शिंपीण."