गंगारामचं नॉटपेड

बाबासो शेडगे यांचं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं आणि त्यांना रोज वजन घटवण्याचे चार मेल येत. शिवाय केस दाट करणारं तेल, पौंडातली लॉटरी, बिनव्याजी कर्ज आणि एक वधू-वर सूचक मंडळ. त्या मंडळाला बाबासोंचं वय चौऱ्याहत्तर आहे हे माहीत होतं आणि त्यात काही अडचण दिसत नव्हती. या गर्दीत दर रविवारी एक खरं पत्र असे. नात राजनंदिनी, घरातली राजू, नोकरीसाठी शिलाँगला गेली होती, तिचं.

तिची खुशाली जुईनगरच्या घरात तशी रोजच यायची, पण ती सुनेच्या, उत्कर्षाच्या फोनवर. बाबासोंना ऐकू कमी. फोनवर ते फक्त "काय?" म्हणत आणि समोरच्यानं काहीही सांगितलं तरी शेवटी "बरं, जेव" म्हणून ठेवून देत. स्वतःच्या नावानं आलेलं पत्र ही चीजच वेगळी. अडतीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

एका रविवारी नातीचं पत्र तेल आणि लॉटरीच्या मधून शोधून काढता काढता दुपार झाली. बाबासोंनी वरच्या मजल्यावरच्या वरदला बोलावलं. वरद सव्वीस वर्षांचा, कंप्युटर इंजिनीअर, घरूनच काम करणारा. फुल पँटमध्ये त्याला सोसायटीनं दोनदाच पाहिलं होतं.

"मेलला तिकीट लाव," बाबासो म्हणाले.

"आबा, ऐकू तुम्हाला कमी येतं, मला नाही. तरी परत सांगा."

"पाकिटाला तिकीट लागायचं तवा माणूस लिहिण्याआधी इचार करायचा. ह्यांना फुकट हाय म्हणून हे बोंबलत्यात. पाच रुपये लाव. ज्याला खरंच बोलायचंय त्यो देईल."

वरदला ऑफिसच्या कामाचा कंटाळा आला होता. दोन दिवसांत त्यानं सगळं उभं केलं. बाबासोंना मेल पाठवणाऱ्याला तिकीट लावण्याची नम्र सूचना जाई. तिकीट लावलं तर मेल आत येई. नाही लावलं तर तो 'नॉटपेड' नावाच्या कप्प्यात बंद होऊन पडे, आणि बाहेरून फक्त पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय दिसे. उघडायचाच असेल तर पोस्टातल्या बिनतिकिटाच्या पाकिटाच्या जुन्या नियमाप्रमाणे घेणाऱ्यानं दुप्पट भरायचे. म्हणजे बाबासोंनी दहा. जमा होईल ते बिल्डिंगखालच्या मांजरांच्या दुधाला.

"फॅमिलीला फ्री करू?" वरदनं विचारलं.

"अडतीस वर्षांत घरच्यांना एक कार्ड फुकट दिलं नाय."

पहिल्या महिन्यात एकच तिकीट खपलं. कळंबोलीच्या एका ट्रक फायनान्सवाल्यानं पाच रुपये भरून ट्रकसाठी कर्ज देऊ केलं. बाबासोंनी त्याला दीड पान उत्तर लिहिलं: ट्रक नको, चालवता येत नाही, पार्किंगचाही प्रश्न आहे, पण तिकीट लावल्याबद्दल मनापासून आभार. त्या माणसानं नंतर कुणालाच मेल पाठवला नाही म्हणतात.

राजनंदिनीनं मात्र आईच्या फोनवर निरोप धाडला, "आबांना सांग, सख्ख्या आजोबांशी बोलायला मी तिकीट लावणार नाही."

"तिला सांग," बाबासो म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

मग तीन रविवार आले आणि कोरडे गेले. इनबॉक्स असा लख्ख झाला की पोस्टातले इतके रिकामे खण बाबासोंनी फक्त संपात पाहिले होते. ते सकाळपासून त्याच्यासमोर बसत. तिला पाच रुपये जड झाले की आपण, हे त्यांना ठरवता येईना. नियम मोडावा असं दिवसातून चारदा वाटे, आणि चारदा ते उठून पाणी पिऊन येत.

चौथ्या रविवारी वरद खाली आला. नॉटपेडचा कप्पा महिन्याला झाडून काढायचं काम त्याच्याकडे होतं.

"आबा, एक येडा आहे. दर रविवारी मेल टाकतो. सबजेक्टमध्ये नुसतं एक टिंब. स्कॅमर असणार, ब्लॉक करतो."

"नाव काय?"

"गंगाराम शेडगे, दाणाबंदर."

बाबासो खुर्चीत सावरून बसले. गंगाराम शेडगे म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन अडतीस वर्षं झाली होती.

"मेलेल्या लोकांच्या नावानं सध्या लय फ्रॉड चाललेत," वरदनं माहिती दिली.

गंगाराम मुंबईत दाणाबंदरला पोती उचलत आणि साताऱ्याकडच्या गावी दर महिन्याला बिनतिकिटाचं पाकीट टाकत. पत्ता दुसऱ्याकडून लिहून घेत, पण पत्त्याखालची खूण त्यांची स्वतःची. एक टिंब म्हणजे बरा आहे. दोन टिंबं म्हणजे मनिऑर्डर येते आहे. फुली म्हणजे आजारी. गोल म्हणजे गावी येतो. पोस्टमन पाकीट पुढं करून दुप्पट पैसे मागे. आई, वेणूबाई, पाकिटाकडे नीट बघे आणि म्हणे, "आमास्नी न्हाई परवडत. न्या माघारी." पाकिटावर धाडणाऱ्याचा पत्ता नसे, त्यामुळे ते जाणार कुठं हा सरकारचा प्रश्न. पोस्टमनलाही कळत असावं, गोल असला की तोच विचारायचा, "वहिनी, गूळ हाय का घरात?"

अकरा वर्षं. पुढं बाबासो स्वतः पोस्टात चिकटले आणि आपल्या घरानं खात्याला किती बुडवलं याचा हिशेब त्यांनी एकदा करून पाहिला. म्हणूनच पुढं कुणाला एक कार्ड फुकट नाही. ही गोष्ट त्यांनी जन्मात एकीलाच, नातीला, सांगितली होती, ती सात वर्षांची आणि गोवरानं अंथरुणात असताना.

"करू ब्लॉक?" वरद.

"नको."

"मग दहा रुपये भरा, उघडतो."

बाबासोंचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. "आमास्नी न्हाई परवडत," ते म्हणाले. "न्या माघारी."

तेव्हापासून दर रविवारी वरद दारातूनच सांगे, "आबा, टिंब." बाबासो म्हणत, "माघारी," आणि दिवसभर गुणगुणत. वरदनं उत्कर्षाला बाजूला घेऊन चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवलं.

मग एका मंगळवारीच तो आला. "आबा, आज एक्स पाठवलाय."

बाबासो तडक स्वयंपाकघरात गेले. "राजूला काय झालंय?"

उत्कर्षाच्या हातातला डाव थांबला. "कालपासून ताप आहे. तुम्हाला कोणी सांगितलं, बाबा? तुम्ही जेवण सोडाल म्हणून मी सगळ्यांना बजावलं होतं."

"वडलांचं पत्र आलं," बाबासो म्हणाले.

उत्कर्षानं त्याच संध्याकाळी वरदनं सुचवलेल्या डॉक्टरची वेळ घेतली.

पुढच्या रविवारी टिंब आलं. त्याच्या पुढच्या रविवारी गोल. बाबासोंनी पिशवी घेतली आणि कुणालाही न विचारता दोन किलो गूळ आणला.

राजनंदिनी आली ती बारीक होऊन, आणि चपला काढायच्या आधी आबांच्या कानाशी वाकून ओरडली, "एक तरी उघडलंत का?"

"नाय. आत काय होतं?"

"काही नाही. कोरं."

बाबासोंनी मान हलवली. गंगारामही सुट्टीवर आले की हेच सांगत, "कोरा कागद गं." आई हं म्हणे, पण म्हातारपणापर्यंत मधूनच विचारी, "आत काय लिवलं असंल रं?"

दुसऱ्या दिवशी नात झोपलेली असताना बाबासो जिना चढून वरदच्या दारात उभे राहिले. हातात दहाची नोट. "एक उघडायचंय. फुलीचं."

वरदनं नोट घेतली, मांजरांच्या डब्यात टाकली आणि मेल उघडला. आत एकच ओळ होती.

*आबा, काढ्यात तुळस किती आणि मिरी किती? आई सांगते तो कडू होतो.*

बाबासो वरदच्या खुर्चीत बसले आणि एका बोटानं टाइप करू लागले. तुळशीची सात पानं. चार मिरी. बोटाच्या पेराएवढं आलं. खाली उतरवल्यावर गूळ घालावा, आधी नाही.

"आबा, ती खाली झोपलीये," वरद म्हणाला. "बरी पण झाली."

"तरी धाड," बाबासो म्हणाले आणि तिकिटासाठी खिशात पाच रुपये शोधू लागले.