लेथखालचं स्टँड

"हलतंय," ते म्हणाले आणि त्यांनी मशीन बंद केलं.

"कुठे हलतंय? मी हात लावून उभी आहे ना!"

"तुला काय कळतंय त्यातलं? पाना दे इकडे."

मी पाना दिला. सकाळपासून तेच चाललं होतं. जे बोल्ट पुढे सरकायला तयारच नव्हते, ते हे पुन्हा आवळत होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उकाड्याने माझा जीव नकोसा झाला होता आणि यांच्या नाकावर राग होता.

आमचे हे लाकूड कातणारे. पलंगाचे खूर, जिन्याच्या कठड्याचे खांब, असलं काम. लेथवर लाकूड गरागरा फिरतं आणि हे पटाशी टेकवून त्याला हवा तो घाट देतात. कारखान्यात लाकडांची थप्पी पायावर कोसळली आणि सगळं थांबलं. पायात सळई घातली, हाड जुळलं, पण पायाने भार घ्यायचं नाव काढलं नाही. पुढे कारखानाच बंद झाला. मालकाने यांचा लेथ टेम्पोत घालून घरी पाठवून दिला. कारखान्यात तो सिमेंटच्या ओट्यावर बसवलेला होता, त्यामुळे खाली स्टँड नव्हतं.

"मी करतो की," हे म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग शेडच्या फरशीवर खडूने आकृत्या सुरू झाल्या. केर काढायची चोरी. जुन्या दाराच्या चौकटीचं जाड लाकूड स्टँडच्या पायांसाठी निघालं. पाय खाली फाकलेले हवेत म्हणजे मशीन डगमगत नाही, मध्ये फळी टाकून तिच्यावर वाळूची पोती ठेवायची म्हणजे ते थरथरत नाही, हे सगळं मी जेवताना ऐकायचे. एका सांध्यात कागद जाईल एवढी फट राहिली, तर अख्खी पट्टी भिरकावून दिली आणि नवी केली.

आणि उंची? लेथवरचं लाकूड कोपराच्या उंचीला यायला हवं. हे भिंतीला टेकून ताठ उभे राहिले आणि मला म्हणाले, माप घे.

"अहो, डॉक्टरांनी बसून काम करायला सांगितलंय."

"डॉक्टरांनी कधी लेथ चालवलाय?"

"मग निदान उंच स्टूल तरी करा."

"उंच स्टुलावर पाय लोंबकळतो आणि सुजतो. आणि बसायचंय कुणाला? तू माप घे."

भांडून काय उपयोग होता? मी माप घेतलं, पण दिवसभर धुसफुसत राहिले.

स्टँड झालं. माझे दीर शेजाऱ्यांना घेऊन आले आणि चौघांनी मिळून मशीन वर चढवलं. दीर स्टँडवर चापट मारून म्हणाले, "दादा, यावर हत्ती उभा कर!"

दुसऱ्या दिवशी यांनी काम सुरू केलं. थोडा वेळ लाकडाचा भुसा छान उडाला. मग पटाशी लाकडात अडकली, तुकडा निसटला आणि पत्र्यावर जाऊन आदळला. ते म्हणाले, स्टँड हलतंय. तेव्हापासून सगळं खापर त्या स्टँडवर. पाचरी ठोकून झाल्या, वाळू वाढवून झाली, आणि आज पुन्हा हा पाना.

शेवटी माझी सहनशक्ती संपली. मी घरात गेले, पाण्याने पेला काठोकाठ भरून आणला आणि स्टँडवर ठेवला.

"हे काय?"

"चालू करा मशीन."

त्यांनी चालू केलं. पाण्यावर बारीक शहारे उठले, पण एक थेंब सांडला नाही. ते पेल्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या पायाकडे बघत होते. पायजम्याचं कापड गुडघ्यापासून खाली थरथरत होतं.

त्यांनीही खाली पाहिलं. मशीन बंद केलं. मला वाटलं, आता पेला भिरकावतात. माझंच मला वाईट वाटलं. पण दुसरं काय करणार होते मी?

"त्याला बोलाव," ते म्हणाले. "मशीन खाली घ्यायला लागेल."

दीर पुन्हा शेजाऱ्यांना घेऊन आले, मशीन उतरवलं, स्टँड आडवं केलं. दिरांना काही विचारायचं होतं, मी डोळ्यांनीच गप्प केलं. सगळे गेल्यावर यांनी चारही पायांवर वीतभर वर पेन्सिलीने खुणा केल्या आणि खुर्चीत बसून करवत चालवायला घेतली. चांगलं मुरलेलं लाकूड, पटकन कापलं जाईना. मी स्टँडचा पाय धरून बसले होते.

तीन पाय झाले. चौथ्याला त्यांनी करवत टेकवली आणि तशीच उचलली.

"हा तू काप."

"मी? तुमच्या करवतीला हात लावू देत नाही तुम्ही."

"काप म्हटलं ना."

त्यांनी तोंड दाराकडे वळवलं. मी कापायला लागले. करवत सारखी खुणेवरून घसरायची. हात भरून आले, पण थांबले नाही. तुकडा खाली पडला तेव्हा काप चांगलाच तिरका गेलेला मला दिसत होता. मला दिसतो तर यांना दिसणार नाही?

त्यांनी कापावरून बोट फिरवलं.

"सरळ आहे," ते म्हणाले.

लाकडाच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

संध्याकाळी मशीन पुन्हा वर चढलं. आता मात्र स्टँड खरंच हलत होतं, माझ्या बाजूच्या पायावर. हे घरातल्या बुटक्या स्टुलावर बसले, वाकून एक चपटी पट्टी त्या पायाखाली सरकवली आणि बटण दाबलं.