मामा, तिला खायला घालू नका

मी एक जुनी स्टीलची टाकी आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. टाकीला डोकं कुठलं, असं म्हणू नका. झाकण आहे ना, तेच ते.

पंधरा वर्षं माझ्या पोटात पाव फुगवायचं यीस्ट वाढलं. कारखान्यातले मामा तेव्हापासूनचे माझे सोबती. रोज सकाळी माझ्या अंगावर हात ठेवून ऊब बघायचे, काचेतून डोकावायचे आणि यीस्टला पोटभर खायला घालायचे. जेवढं खाणं, तेवढं यीस्ट. माझं केवढं कौतुक व्हायचं! मग मोठ्या टाक्या आल्या आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडले.

दोन वर्षांनी तेलबाई आल्या. त्यांचं खरं नाव कुणी घेतच नाही. त्यांनी एक पांढरी बुरशी आणली आणि माझ्या पोटात वाढवायला घेतली. तिच्या तेलात एक मौल्यवान मेदाम्ल असतं, ते तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीत घालतात. पण बुरशी भारी तऱ्हेवाईक! साखर भरपूर हवी, नायट्रोजन मात्र सुरुवातीला थोडासाच. तो संपला की तिची वाढ थांबते आणि उरलेली साखर ती चरबी करून साठवते. बाईंनी मामांना एवढंच बजावलं, की पाचव्या दिवसापासून काही घालायचं नाही.

मामांनी मान हलवली. पण वाढ थांबलेली दिसताच त्यांचा जीव तुटला. त्यांनी गुपचूप यीस्टचा अर्क सोडला, आणि त्यात तर नायट्रोजन ठासून भरलेला! बुरशी तरारली, तेलाचा पत्ता नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. बाई स्वतःलाच दोष देऊ लागल्या. सगळं माझ्या पोटात, पण सांगायला तोंड नाही. अशी चिडचिड झाली म्हणून सांगू! मालकांनी तर सांगूनच टाकलं, तिसऱ्यांदा तेल निघालं नाही तर बाईंचं काम बंद आणि मी भंगारात.

तिसऱ्या खेपेलाही पाचव्या दिवशी मामा अर्क घेऊन आलेच. खाणं आत सोडायचा माझा वरचा व्हॉल्व्ह दोन खेपा कुरकुरत होता, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. त्या दिवशी तो अडकला तो अडकलाच. मामांनी पान्हा लावला, ठोकलं, मला शिव्या घातल्या आणि डोळे पुसत निघून गेले.

नवव्या दिवशी बाईंनी तपासलं, तर तेलच तेल! मामा मात्र खाली मान घालून उभे.

"बाई, माफ करा. या खेपेला तिला खायला घालता आलं नाही. उपाशीच राहिली बिचारी."

बाईंचं हसू थांबलं. "म्हणजे मागच्या दोन्ही वेळा घातलंत?"

मामा हो म्हणाले.

"चूक माझी, मामा. घालू नका म्हटलं, पण का ते सांगितलंच नाही."

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. माझ्या व्हॉल्व्हचे आभार मात्र कुणीही मानले नाहीत.

मित्रांनो, माया जरूर करा, पण समोरच्याला काय हवंय ते आधी समजून घ्या. आणि टाकी कुरकुरली तर वेळेवर बघा, दर वेळी अडकून भलं होत नाही. माझा व्हॉल्व्ह आता मामांनीच साफ केलाय, बोटानं फिरतो. म्हणून दर पाचव्या दिवशी मामा माझ्यासमोर स्टूल टाकून बसतात, दोन्ही हात मांडीखाली दाबून.