टॉर्च नीट धर

"अगं, टॉर्च नीट धर!" बॉनेटमध्ये डोकं खुपसून नवरा पुन्हा खेकसला. तिचा हात केव्हाचा भरून आला होता. गाडीचे हेडलाइट मंद वाटतात म्हणून याने दुप्पट उजेडाचे बल्ब मागवले आणि गॅरेजवाल्याकडे जा म्हटलं तर म्हणे, "छे! हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!" त्या मळापायी तिची अख्खी संध्याकाळ गेली होती, याची बोटं सोलवटली होती आणि बल्ब अडकवायची क्लिप सारखी इंजिनाखाली पडत होती. बल्बवर वरची बाजू दाखवणारा बाण होता. तिने तो दाखवला.

"मला शिकवू नकोस," म्हणत त्याने दोन्ही बल्ब उलटे बसवले.

मग ऐटीत दिवे लावले. समोरचा रस्ता काळाकुट्टच राहिला आणि सगळा उजेड थेट दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्याच खिडकीत शिरला.

"कोण मेला डोळ्यांत उजेड मारतोय?" वरून सासूबाई कडाडल्या.

"बघितलंस? किती लांब पोचतोय!" नवरा म्हणाला.

तिने टॉर्च त्याच्या हातात कोंबला. "छान. आता तू हा घेऊन गाडीपुढे पळ, मी चालवते. आणि हो, नीट धर."