दोऱ्यात मावेना पोटरी

सोमवारी मुळगावच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. धुपाचा धूर एवढा, की दमेकऱ्यांवर उपचार चाललेत की त्यांची परीक्षा, हे कळू नये. मधोमध खुर्चीवर खाणीत राबून दमेकरी झालेला गुरुदास, आणि त्याच्या पोटरीला काळा दोरा गुंडाळणारे बळानंद महाराज. गेल्या सोमवारी गाठ बसली होती. आज दोऱ्याची टोकं भेटेनात.

"म्हाराजा, खाणीच्या धुळीन् सुकवलेल्या ह्या पायांत तू बळ भरलंस!" बळानंदांनी देवाला गाऱ्हाणं घातलं.

"व्हय म्हाराजा!" मांडव गरजला. गाऱ्हाण्याला होकार भरायची आपल्या लोकांना भारी सवय. महाराजांनी मधेच "दम्याच्या औषधाचो पंप गटारात टाका" म्हटलं, तरी "व्हय म्हाराजा!"च. गुरुदासनं तर तो खरोखरच टाकला होता.

मग दोन तगड्या शिष्यांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि पुन्हा बसवलं. टाळ्या पडल्या.

त्याची बायको संजना हिनं तेवढी टाळी वाजवली नाही. हा बळ चढलेला नवरा घरी न्हाणीपर्यंत जाताना धापा टाकी, आणि त्याला उठवताना तिची कंबर मोडे. स्वतःच्या पायांनी न्हाणीत जावं, एवढंच त्याचं मागणं होतं. लाजेनं तो पाणीसुद्धा कमी पिऊ लागला होता. म्हणून आज तिनं नवऱ्याच्या डॉक्टर असलेल्या भाचीला, अंकिताला, सोबत आणलं होतं.

"महाराज, मामांका शिष्यांशिवाय उठूक सांगा," अंकिता म्हणाली.

"अश्रद्धेपुढे बळ लाजतं, बाळे!"

"लाजूंदे. मामा, हात छातीर धरून उठा बगया."

गुरुदासनं जोर केला, लालबुंद झाला, पण खुर्चीवरून तसूभर हलला नाही. अंकितानं त्याच्या पोटरीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. कणकेत पडावा तसा खड्डा तिथंच राहिला.

"ह्यां बळ न्हय, सूज!"

मग तिनं मांडवाला समजावलं. दम लागतो म्हणून रोगी बसून राहतो, बसून मांडीचं मांस झिजतं, आणि ते झिजलं की उठताबसता आणखी दम लागतो. महाराज पुडीतून खायला देतात त्या भस्मात बहुधा स्टिरॉइडच्या गोळ्या कुटलेल्या असणार. त्यांनी चार दिवस श्वास मोकळा वाटतो, अंगात पाणी साठतं आणि मांडी आणखी खंगते.

"तपासूक चिमूटभर भस्म द्या, महाराज."

महाराजांना एकाएकी समाधी लागली.

संजनाच्या पुडीतलं भस्म तपासलं, तर त्यात तेच निघालं. गुरुदास इस्पितळात राहिला, सूज उतरली, पंप पुन्हा हातात आला. खुर्ची धरून उठण्याबसण्याचा व्यायाम तो शिव्या घालत करू लागला. काही महिन्यांनी एका सकाळी संजना चहा घेऊन आली, तर खाट रिकामी. ती धावली.

"येव नको!" न्हाणीतून आवाज आला. "माझो मीच उठतंय!"

संजना दाराबाहेरच रडली. लोकहो, देवाला खुशाल हात जोडा. पण पायात बळ आलं की नाही, हे उठून बघा.