बंडीखालचा कंदील

“इतका उजेड कुठचा रे? तवा एवढा उजेड नोयता,” चित्रापुढं बसलेली लिलाबाई लेकाला म्हणाली.

धम्मरत्नानं ब्रश खाली ठेवला. रिठदच्या आसपास दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची उमर गेली होती; फ्लेक्स आल्यापासून हात रिकामेच होते. पन्नाशी उलटल्यावर त्यानं पहिल्यांदा स्वतःसाठी चित्र काढायला घेतलं. रात्री बाजारात भाजी विकून परतणारी बैलांची बंडी आणि सोबत चालणारा बाप. बाप देवमन तापानं गेला तेव्हा धम्मरत्न पाळण्यात होता. घरात बापाचा एकही फोटो नव्हता. चित्र काढता काढता त्याचा चेहरा सापडेल, असं धम्मरत्नाच्या मनानं घेतलं होतं. म्हणून तर चित्रात त्यानं भरपूर चांदणं सांडलं होतं.

“नाक कसं होतं माय? सांग ना.”

“तुह्यासारखंच असन.”

त्यानं आरसा आणला आणि आपलं तोंड बघून बघून बापाला दिलं. लिलाबाईनं बराच वेळ निरखलं.

“हा तू हायेस. हे नोहेत. पूस.”

“मंग कसे होते ते?” त्याचा आवाज चढला. “तुलेच आठवत नाई, तं मी कोनाले इचारू?”

म्हातारी हळूच म्हणाली, “लय धरून ठेवलं होतं रे तोंड. कधी निसटलं, समजलंच नाई. पन पाय आठवते. कंदील बंडीच्या खाली टांगेल राहे. बैल थकले का हे उतरून पायी चालत. मी दारातून पाहो, तं उजेडात निस्ते पायच दिसत. वरचा मानूस अंधारात.”

धम्मरत्नानं निळ्यात काळा कालवला. आधी चांदणं झाकलं, मग झाडं. चेहऱ्यापाशी हात अडला. थोड्या वेळानं चेहराही अंधारात गेला. उरली धूळ, फिरतं चाक आणि रुंद, भेगाळलेले, अंगठे फाकलेले दोन पाय.

संध्याकाळी रंग वाळल्यावर त्यानं चित्र ओसरीत भिंतीला टेकवलं. लिलाबाई चुलीपासून उठून दारात आली.

“जमलं का माय?”

खांद्यावर घसरलेला पदर तिनं डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि कुणाला तरी आत यायला वाट द्यावी, तशी दारातून जराशी बाजूला सरकली.